गणपतीला घर भरण्याआधी: सेप्टिक टँक आणि घरातल्या रोजच्या सवयी

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पोफळी

कोकणात घरबांधणीच्या कामांवर देखरेख करताना दर वर्षी भाद्रपदात मला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे एकाच तक्रारीचे असतात. चाकरमानी आले, घर भरले, पहिला दिवस बरा गेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासातले पाणी उतरेनासे झाले. नेमक्या त्या दिवसांत मैला उपसणारी गाडी मिळत नाही, मिळाली तर चिखलातून वाडीत उतरत नाही, आणि घरात देव बसलेला असताना अंगणात चेंबर उघडायची कोणाचीच तयारी नसते. ही अडचण टाळता येते, पण ती टाळण्याचे काम गणपतीच्या आदल्या आठवड्यात होत नाही. ते वर्षभर स्वयंपाकघरात, न्हाणीत आणि संडासात होत असते. ज्यांचे घर कोकणात नाही, पण भुयारी गटार न पोहोचलेल्या एखाद्या वसाहतीत आहे, त्यांनाही यातले जवळजवळ सगळे लागू पडेल.

सेप्टिक टँक मैला नाहीसा करत नाही, ती तो वेगळा करते. जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेलकट आणि हलका भाग वर तरंगून त्याचा जाड तवंग धरतो, आणि मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या बाजूच्या पाइपातून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या दगडांच्या खड्ड्यात, जाते. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जीवाणू काम करतात आणि त्याचा बराचसा भाग कुजवून कमी करतात. सगळा मात्र कधीच नाही. या साऱ्यासाठी टाकीला एकच गोष्ट भरपूर लागते, ती म्हणजे वेळ. गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवून तो बाजूला ठेवला तर गाळ खाली बसतो, पण दर पाच मिनिटांनी कोणी त्यात नवे पाणी ओतत राहिले तर रात्रभर थांबूनही पाणी गढूळच राहते. टाकीचेही तसेच आहे.

आता हिशेब पाहा. आयएस २४७० या भारतीय मानकात पाच माणसांच्या घरासाठी जी टाकी दिली आहे, ती साधारण दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असून तिच्यात पाण्याची खोली एक मीटर धरली आहे, म्हणजे तिच्यात सुमारे ११२५ लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांचे सगळे सांडपाणी टाकीत सोडले, तर रोज ६७५ लिटर पाणी येते आणि ते टाकीत सुमारे चाळीस तास थांबते, जे पुरेसे आहे. गणपतीत त्याच घरात वीस माणसे उतरली की रोज २७०० लिटर येते आणि थांबण्याचा वेळ दहा तासांवर येतो. त्यात टाकीचा एक तृतीयांश भाग आधीच गाळाने भरलेला असेल, तर सात तासदेखील मिळत नाहीत. न बसलेला मैला पाण्याबरोबर थेट शोषखड्ड्यात जातो आणि तिथल्या दगडांमधल्या फटी व मातीची छिद्रे बुजवतो. टाकी उपसता येते, पण बुजलेली माती उपसता येत नाही. तिथे दुसरा खड्डाच खणावा लागतो. भाद्रपदात जमीन पावसाने आधीच तुडुंब असते, त्यामुळे चांगला शोषखड्डासुद्धा त्या दिवसांत पाणी सावकाश घेतो, ही आणखी एक अडचण.

म्हणून माझ्या मते सर्वांत मोलाची सवय म्हणजे टाकीत कमी पाणी जाऊ देणे. जुन्या घरांत न्हाणीचे पाणी पाटाने माडाला, केळीला आणि अळवाला जात असे आणि टाकीत केवळ संडासाचे पाणी उतरत असे. नव्या बंगल्यांत प्लंबर सोयीसाठी न्हाणी, मोरी, वॉशिंग मशीन असे सगळे एकाच पाइपात जोडून मोकळा होतो. ज्यांचे बांधकाम अजून चालू आहे, त्यांनी हे दोन पाइप वेगळे ठेवण्याचा आग्रह धरावा. अंघोळीच्या आणि कपड्यांच्या पाण्याला स्वतःचा वेगळा शोषखड्डा द्यावा, किंवा ते बागेत सोडावे. बांधून झालेल्या घरातही निदान वॉशिंग मशीनची नळी बाहेर काढणे फारसे अवघड नसते. वरून पाणी भरणाऱ्या मशीनला एका धुण्याला शंभर ते दीडशे लिटर पाणी सहज लागते, आणि रविवारी लागोपाठ चार धुणी काढली की टाकीतला गाळ ढवळून वर येतो. नळी बाहेर काढता येत नसेल, तर धुणी आठवडाभर वाटून काढावीत.

दुसरे गळतीचे. फ्लशच्या टाकीतून भांड्यात बारीक धार झिरपत असते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. मिनिटाला एक पेला पाणी असे झिरपले, तर दिवसाला २८८ लिटर होते. म्हणजे घरात कोणाच्या लक्षात न येता दोन माणसे वाढली. रात्री झोपण्यापूर्वी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकावा, आणि फ्लश न करता अर्ध्या तासाने भांडे पाहावे. भांड्यात रंग उतरला असेल, तर आतला रबरी वॉशर बदलावा. हे काम अगदी किरकोळ खर्चात होते.

गच्चीचे आणि पागोळ्यांचे पाणी टाकीत किंवा तिच्या शोषखड्ड्यात कधीही सोडू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी पावसाळ्यात अशी जोडलेली घरे मला दर वर्षी दिसतात.

भांड्यात काय टाकू नये, याचा नियम मी असा सांगतो: पोटातून आले नाही आणि पाणीही नाही, ते संडासात जाऊ नये. सॅनिटरी नॅपकिन, डायपर, ओले वाइप्स, कापूस, विंचरताना निघालेले केस, सिगारेटची थोटके, निर्माल्य, औषधांच्या उरलेल्या गोळ्या, यांतले काहीही नको. यांतल्या बऱ्याच गोष्टी कुजत नाहीत, आणि ज्या कुजतात त्यांना टाकी देऊ शकते त्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

अबोली

पोफळीकाका, हिशेब इतका स्वच्छ मांडल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरी मोरीचे पाणी टाकीतच जाते आणि ते वेगळे करण्याएवढी जागा मागच्या बाजूला नाही. त्यामुळे आम्ही स्वयंपाकघरात ज्या सवयी लावून घेतल्या आहेत, त्या इथे लिहिते. कोणाला उपयोग होईल.

तळणीचे उरलेले तेल आम्ही मोरीत ओतत नाही. ते गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या जुन्या डब्यात साठवतो, आणि डबा भरला की सुक्या कचऱ्याबरोबर देतो. खरे नुकसान मात्र कढईत उरलेल्या तेलाने होत नाही. ते रोजच्या भांड्यांना लागलेल्या तेलाने होते, कारण ते थोडे थोडे करून दररोज जाते. म्हणून आमटी-कालवणाची पातेली, फोडणीची कढई आणि जेवलेली ताटे घासण्याआधी नारळाच्या शेंडीने किंवा जुन्या कागदाने पुसून घेण्याची शिस्त घरातल्या सगळ्यांना लावली आहे. शेंडी चुलीत जाते. गरम पाण्याने तेल धुऊन काढले की ते गेले असे वाटते, पण ते पुढच्या थंड पाइपात पुन्हा थिजते.

खोबरे वाटून रस काढल्यावर उरलेला चोथा, चहाचा चोथा, भाताची शिते, मासळीचे खवले, हे सर्व मोरीच्या जाळीत अडते आणि दिवसातून दोनदा ती जाळी आम्ही झाडाच्या बुंध्याशी झाडतो. मासे धुतलेले पाणी पूर्वीपासून माडाच्या मुळाशी जायचे, ते आजही तिथेच जाते. नासलेले दूध किंवा आंबलेले ताक मोरीत ओतू नये, असे मला एकदा एका अभियंत्याने सांगितले होते, कारण दूध कुजायला टाकीवर फार भार येतो. हे खरे आहे का?

राखेने भांडी घासणाऱ्यांसाठी एक सूचना. राख कुजत नाही, ती वाळूसारखी तळाशी बसून राहते आणि टाकी वेळेआधी भरते. राखेची भांडी बाहेर पाटावर घासावीत.

पोफळी

अबोलीताई, दुधाचे अगदी खरे आहे. दूध पांढरे आणि पातळ दिसते म्हणून निरुपद्रवी वाटते, पण ते कुजवण्याचा भार मैलापाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. ते झाडाला घालावे. तुमच्या घरी मोरीचा पाइप टाकीत शिरण्याआधी एक लहान चेंबर बांधता आले, तर पाहा. त्यात पाणी क्षणभर थांबते, तेल वर तरंगते, आणि पाणी खालच्या बाजूने पुढे जाते. वरची चिकट साय आठवड्यातून एकदा काढून कचऱ्यात द्यायची. मोठ्या खानावळींना हे करावेच लागते, पण रोज मासे तळणाऱ्या घरालाही त्याचा उपयोग होतो.

कातळ

आमच्या वडिलांनी चिऱ्याची टाकी बांधून घेतली, त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. आजतागायत ती एकदाही उपसावी लागलेली नाही आणि कधी तुंबलीही नाही. घरात वाइप्स वगैरे नाहीत, सवयी साध्या आहेत. अशी टाकी निरोगीच म्हणायची ना? उगीच उघडून खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

पोफळी

कातळ, तुमच्या सवयी चांगल्या आहेत याबद्दल शंका नाही. पण पंचवीस वर्षांत न भरलेल्या टाकीबद्दल मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटते. टाकीत गाळ साठतोच, तो शून्यावर येत नाही. मग तो गेला कुठे? कोकणातल्या जुन्या टाक्यांपैकी कित्येक केवळ चिरे रचून केलेल्या आहेत. त्यांच्या तळाला काँक्रीट नाही आणि आतून गिलावाही नाही. त्या टाक्या नव्हेत, खड्डे आहेत. पाणी आणि मैल्याचा पातळ भाग जांभ्याच्या भेगांतून सरळ खाली उतरत राहतो. जांभा सच्छिद्र आहे, त्याच्यातून पाणी गाळले न जाता वाहते, आणि चार घरांची विहीर त्याच उतारावर असते.

आयएस २४७० मध्ये शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर लांब असावा, असे सांगितले आहे. जांभ्यात मी १८ मीटरसुद्धा पुरेसे मानत नाही. विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर अधिक अंतर ठेवायला सांगतो. तुम्ही एक करा. पाऊस संपून जमीन वाळली की टाकी उपसून घ्या, आणि तळ व भिंती बाहेरूनच, उजेडात नीट पाहून घ्या. पाणी नुसते तळाशी असेल आणि आउटलेटपर्यंत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत, कधीच चढत नसेल, तर ती गळते आहे हे नक्की.

टाकी कधी उपसायची, हे वर्षांवर न सोडता मोजून ठरवता येते. लांब बांबूच्या खालच्या टोकाला जुना पांढरा पंचा गुंडाळून घट्ट बांधायचा, झाकण उघडून थोडा वेळ बाजूला थांबायचे, मग दूर उभे राहून बांबू तळाला टेकेपर्यंत सरळ सोडायचा आणि काही मिनिटांनी सावकाश वर घ्यायचा. पंच्यावर जिथपर्यंत काळा, दाट डाग राहतो तेवढी गाळाची उंची, आणि त्याच्या वरचा भाग नुसता ओला दिसतो. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आले की गाडी बोलवावी. बहुतेक घरांत ही वेळ दोन ते तीन वर्षांनी येते. झाकण उघडे असताना विडी, काडी, कंदील काहीही जवळ नको, मुले नकोत, आणि आत डोकावूनही पाहायचे नाही.

मेपल

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथे गावाबाहेरच्या पुष्कळ घरांना सेप्टिक टँकच आहे. अमेरिकेतल्या साधारण पाच घरांमागे एका घराचे सांडपाणी अशाच पद्धतीने जाते. आमच्या राज्यात घर विकायचे असेल तर टाकीची आणि शोषक्षेत्राची, म्हणजे तिचे पाणी मुरवणाऱ्या जमिनीची, तपासणी झालेली असावी लागते, आणि त्यात दोष निघाला तर तो दुरुस्त करण्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. त्यामुळे लोक घराच्या कागदपत्रांबरोबर टाकी कधी उपसली, याच्या पावत्या जपून ठेवतात. ही सवय आपल्याकडेही लागावी, असे मला फार वाटते. गावचे घर भावांच्या सामाईक मालकीचे असले, की टाकी शेवटची कधी उपसली हे कोणालाच सांगता येत नाही.

इथले दोन अनुभव सांगतो. पहिला, सिंकखाली बसवलेल्या कचरा दळण्याच्या यंत्राचा. ते असेल तर इथल्या नियमांप्रमाणे टाकी आणि शोषक्षेत्र दोन्ही मोठे करावे लागतात, कारण दळलेले अन्न टाकीत गाळ म्हणूनच साठते. आता पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत ती यंत्रे दिसू लागली आहेत. सेप्टिक टँक असलेल्या घरात ती बसवू नयेत. दुसरा, फ्लश करता येतात असे पाकिटावर छापलेल्या वाइप्सचा. ते टॉयलेट पेपरसारखे विरघळत नाहीत. भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो आणि संडासात झाकणाची कचरापेटी ठेवतो.

जास्वंद

आमच्या आजीचा नियम होता की अमावास्येला संडासात गूळ-ताक किंवा शेणकाला ओतायचा. आजकाल जीवाणूंची पूड पाकिटात मिळते, तीही मी महिन्याला टाकते. याने टाकी उपसण्याची गरज लांबते, असे पाकिटावर लिहिले आहे. जाणकारांनी मत द्यावे. शिवाय संडास धुण्याचे आम्ल आणि फिनाईल यांनी जीवाणू मरतात का, हेही कृपया सांगावे.

पोफळी

शेणाला आधार आहे, पण तो फक्त सुरुवातीपुरता. नवी टाकी वापरात आणताना ती आधी आउटलेटपर्यंत पाण्याने भरून घ्यावी, आणि शक्य असेल तर चालू टाकीतला मुरलेला गाळ थोडा आत टाकावा. तो न मिळाल्यास चांगले कुजलेले शेण थोडेसे घालावे, असे आपल्या मानकातच म्हटले आहे. यामुळे जीवाणूंचे विरजण लागते. त्यानंतर मात्र माणसाच्या विष्ठेतूनच रोज इतके जीवाणू येतात की बाहेरून घालण्याची गरज राहत नाही. दर महिन्याचे शेण म्हणजे टाकीत घातलेला जास्तीचा गाळच होय, आणि गूळ-ताक म्हणजे जास्तीचा भार. पाकिटातली पूड उपसण्याची जागा घेऊ शकत नाही. तिच्यावर खर्च होणारे पैसे बाजूला ठेवले तर दोन-तीन वर्षांनी गाडीच्या भाड्याला कामी येतील.

आम्लाबद्दल इतकेच सांगेन की संडास नेहमीप्रमाणे धुण्यापुरते क्लीनर वापरले तर टाकी ते सहन करते. त्याचे पुष्कळ पाणी होते आणि जीवाणू काही दिवसांत पुन्हा वाढतात. नुकसान होते ते बाटलीच्या बाटली एकदम ओतल्याने. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी तीन-तीन संडासांत आम्ल, ब्लीचिंग आणि फिनाईल सढळ हाताने ओतण्याची जी पद्धत आहे, ती नेमक्या गर्दीच्या तोंडावर टाकी अशक्त करते. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. तो माणसालाच घातक आहे, म्हणून ही दोन एकामागून एकही ओतू नयेत. रोज ब्रशने घासले तर आम्लाची गरज क्वचितच पडते.

दवंडी

मी ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून काम करते. या धाग्यात डासांचा विषय आला नाही, म्हणून लिहिते. क्युलेक्स जातीचा डास, ज्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो, तो घाण पाण्यातच अंडी घालतो आणि सेप्टिक टँक त्याला फार सोयीची असते. टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपच्या, म्हणजे व्हेंट पाइपच्या, वरच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली असावी. आम्ही घरभेटीत पाहतो तेव्हा बहुतेक ठिकाणी जाळी नसते, किंवा एकदा बांधलेली सडून गेलेली असते. नायलॉनची जाळी तारेने घट्ट बांधावी आणि दर पावसाळ्याआधी बदलावी. झाकणाच्या कडेच्या फटी सिमेंटने किंवा ओल्या मातीने बुजवाव्यात. व्हेंट पाइपवर कापड किंवा प्लास्टिकची पिशवी बांधू नये, कारण वायू बाहेर पडायलाच हवा. तो कोंडला की घरातल्या न्हाणीतून वास येऊ लागतो.

सॅनिटरी नॅपकिनबद्दल पोफळीकाकांनी एका ओळीत लिहिले आहे, मला त्यावर अधिक सांगायचे आहे. गणपतीत घर माणसांनी भरलेले असते, मुली-सुनांना पाळीत घरभर फिरून कचरा टाकायला जाण्याचा संकोच वाटतो, आणि मग तो संडासात टाकला जातो. यात दोष त्यांचा नाही. संडासात झाकणाचा डबा, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि हात धुवायला साबण ठेवलेला असला, की हा प्रश्न उरत नाही. डबा रोज कोण रिकामा करणार, हे घरातल्या मोठ्या माणसाने आधी ठरवावे, आणि ते काम पुरुषांनी करायला काहीही हरकत नाही.

विहिरीचे पाणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची सोय होते. गावपातळीवर वापरतात त्या लहान बाटलीत पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, तर त्यात मैल्यातले जीवाणू असण्याची शक्यता धरून पाणी उकळून प्यावे, आणि टाकी व विहीर यांच्यातले अंतर पाहावे.

वाटसरू

टाकी उपसण्याबद्दल एक गोष्ट या धाग्यात स्पष्ट लिहिलेली असायला हवी. कोणत्याही माणसाला टाकीत उतरवू नका. पैसे वाचवण्यासाठी दोन मजूर आणि बादल्या लावून टाकी उपसून घेणारी घरे अजून आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने टाकीची अशी धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा आहे, आणि घरमालकही त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. रक्कम कितीही असली तरी गेलेला माणूस परत येत नाही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते की वास गेला, आता धोका नाही. काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. म्हणून आत काही पडले, मोबाइल असो की दागिना, तरी उतरायचे नाही. आणि कोणी पडलेच तर स्वतः न उतरता अग्निशमन दलाला बोलवायचे.

सक्शनची गाडी बोलवली तर तो मैला ती कुठे रिकामा करणार, हेही विचारावे. ओढ्यात किंवा माळावर सोडत असतील, तर आपल्या घरची घाण आपण दुसऱ्याच्या विहिरीजवळ नेऊन टाकली असा त्याचा अर्थ होतो. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी शहरातल्या सगळ्या टाक्या साधारण तीन वर्षांच्या फेरीने, वेळापत्रक लावून उपसण्याची पद्धत सुरू केली आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात नेला जातो. तिथे टाकी तुंबण्याची वाट पाहावी लागत नाही. आपापल्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत ही मागणी लावून धरण्यासारखी आहे. दहा घरांनी एकाच दिवशी गाडी मागवली तरी भाडे वाटले जाते.

माडबन

सगळा धागा वाचला, फार उपयोगी आहे. आमची अडचण अशी की घर घेतले तेव्हा अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेले होते आणि टाकीचे झाकण त्याखाली कुठेतरी आहे. दुसरे, मागच्या बाजूला आम्ही तयार प्लास्टिकची टाकी बसवणार आहोत. तिच्याबद्दल काही वेगळी काळजी घ्यावी लागते का? शोषखड्ड्याजवळ काय लावावे, हेही सांगावे.

पोफळी

झाकण शोधायला संडासाच्या बाहेरच्या चेंबरपासून सुरुवात करा. त्यातला पाइप कोणत्या दिशेला जातो ते पाहा आणि त्या रेषेवर व्हेंट पाइप शोधा. टाकी त्याच्या पायाशी असते. सापडली की झाकणावरचे ब्लॉक काढून तिथे लोखंडी चौकट आणि कडीचे झाकण बसवून घ्या, म्हणजे दर वेळी अंगण फोडावे लागणार नाही. ही चौकट आणि झाकण गाडीच्या चाकांखाली येणार नाहीत, हे मात्र पाहा. टाकीच्या स्लॅबवर चारचाकी उभी करणे धोक्याचे आहे.

झाकण उघडेल तेव्हा आउटलेटच्या तोंडाला इंग्रजी T च्या आकाराचा उभा टी-पाइप आहे का, हे बाहेरूनच टॉर्चच्या उजेडात पाहून घ्या. तो पाण्याच्या पातळीखाली साधारण ३० सेंटिमीटर उतरलेला असावा, म्हणजे तवंग त्याच्यामागे अडतो. घाईत बांधलेल्या टाक्यांत गवंडी तिथे सरळ पाइप ठेवून जातो आणि सगळा तवंग शोषखड्ड्यात जातो. पीव्हीसीचा टी बसवायला फारसा खर्च येत नाही, पण तो टाकी उपसलेली असताना आणि कोणी आत न उतरता बसवता येईल अशाच कारागिराकडून बसवावा.

प्लास्टिकची टाकी हलकी असते. भर पावसात जमिनीतले पाणी वर आलेले असताना ती पूर्ण रिकामी केली, तर पाणी तिला खालून उचलते आणि पाइप तुटतात. म्हणून ती फेब्रुवारी ते मेमध्येच उपसावी आणि उपसल्याबरोबर पाण्याने भरावी. सिमेंटच्या टाकीसाठीही हेच दिवस सोयीचे आहेत, कारण वाट कोरडी असते, गाडी वाडीपर्यंत येते आणि गणपतीपर्यंत टाकीत जीवाणूंचे विरजण पुन्हा लागते. उपसताना तळाशी थोडा जुना गाळ राहू द्यावा आणि टाकी आतून फिनाईलने धुऊन घेऊ नये.

शोषखड्ड्याच्या कडेने केळ, कर्दळ आणि अळू लावावे. ती पाणी ओढून घेतात आणि त्यांची मुळे दगडी बांधकाम फोडत नाहीत. वड, पिंपळ, उंबर यांचे रोप टाकीच्या भिंतीत उगवले तर बोटाएवढे असतानाच उपटावे. शोषखड्ड्यावरची जागा भर उन्हाळ्यात इतर अंगणापेक्षा हिरवीगार आणि पायाला ओली लागू लागली, किंवा फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येऊ लागला, तर गणपतीची वाट न पाहता बांबू घेऊन आधी गाळ मोजा. गाळ कमी असेल आणि तरीही आवाज येत असेल, तर दोष बहुधा शोषखड्ड्यात आहे. टाकी उपसून तो जाणार नाही, नवा खड्डाच घ्यावा लागेल.